रोज एक टक्का: बाळाची वाढ आणि डायपरचं माप

नवजात बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण ३० ग्रॅम वजन कमावतं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण सव्वातीन किलोंच्या जिवासाठी ३० ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक टक्का, आणि तोही रोजच्या रोज. हाच वेग ६० किलोंच्या माणसाला लावला, तर त्याचं वजन एका दिवसात ६०० ग्रॅमने वाढेल. पाच महिन्यांच्या सुमारास बाळाचं जन्माचं वजन दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो तिप्पट. आपल्या ६० किलोंच्या माणसाचा काटा त्या हिशेबाने वर्षअखेरीस १८० किलोंवर जाईल.

त्याहून थक्क करणारा हिशेब चक्रवाढीचा आहे. रोजचा हा एक टक्का वर्षभर तसाच चालू राहिला असता, तर ३.२ किलोंचं बाळ पहिल्या वाढदिवसाला १२० किलोंचं झालं असतं. निसर्ग तसं होऊ देत नाही. तो सुरुवातीला वेग देतो आणि मग हळूहळू लगाम खेचतो. तीन ते सहा महिन्यांत रोजची वाढ १६ ग्रॅमच्या आसपास येते, सहा ते नऊ महिन्यांत ११ ग्रॅम आणि दुसऱ्या वर्षात अवघी ७ ग्रॅम. वेगातला हा उतार ज्याने नीट समजून घेतला, त्याला डायपरच्या पाकिटांपुढे उभं राहिल्यावर गोंधळायचं कारण उरत नाही. कुठलं माप किती दिवस पुरेल, किती घ्यायचं आणि कधी बदलायचं, या सगळ्याची उत्तरं त्यातच आहेत.

मापांचा मुक्काम

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक पाकिटांवर आकडे साधारण असे असतात: न्यू बॉर्न ५ किलोंपर्यंत, स्मॉल ४ ते ८, मीडियम ७ ते १२, लार्ज ९ ते १४, एक्स्ट्रा लार्ज १२ ते १७. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून आकडा प्रत्येक वेळी पाकिटावरच वाचायला हवा. पण ही पायऱ्यांची रांग डोळ्यांपुढे ठेवून तिच्या शेजारी बाळाच्या वाढीचा तक्ता मांडून पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची जी प्रमाणं जाहीर केली, त्यांच्यामागे ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या ८,४४० मुलांची मोजमापं आहेत. भारतातली मुलं नवी दिल्लीची होती. या प्रमाणांनुसार मधल्या वजनाचा मुलगा जन्मतः ३.३ किलोंचा असतो, महिन्याचा झाला की ४.५, तीन महिन्यांचा ६.४, सहा महिन्यांचा ७.९, वर्षाचा ९.६ आणि दोन वर्षांचा १२.२ किलोंचा. मुली किंचित कमी: जन्मतः ३.२, सहा महिन्यांच्या ७.३, वर्षाच्या ८.९.

आता मुक्काम मोजा. हा मुलगा न्यू बॉर्नमध्ये राहतो जेमतेम सहा आठवडे. स्मॉलचा ४ किलोंचा पल्ला तो तिसऱ्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत ओलांडतो. मीडियमचा पल्ला ५ किलोंचा, म्हणजे स्मॉलपेक्षा एकच किलो जास्त. पण तो ओलांडायला चौथ्या महिन्यापासून तेविसाव्यापर्यंत तब्बल १९ महिने लागतात. लार्जचा पल्लाही ५ किलोंचाच, आणि तो नवव्या महिन्यापासून तिसऱ्या वाढदिवसाच्या आसपासपर्यंत पुरतो, म्हणजे दोन वर्षं. पाकिटावर सारखे दिसणारे किलो काळाच्या हिशेबात मुळीच सारखे नाहीत.

बारशाच्या दिवसाचंच पाहा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं. ७ ते १० टक्क्यांपर्यंतची घट स्वाभाविक असते आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. म्हणजे बाराव्या दिवशी पाळण्यात घालतो ते बाळ पुन्हा जन्माच्या वजनाच्या आसपास आलेलं असतं. त्या दिवशी आत्या, मावश्या, शेजारी प्रेमाने न्यू बॉर्नची पाकिटं घेऊन येतात. पण तिथून पुढे त्या मापाचा महिनाच उरलेला असतो. आणायचंच असेल, तर स्मॉल किंवा मीडियमचं पाकीट आणावं. ते नक्की वापरलं जातं.

बाराव्या किलोवर तीन पाकिटं

या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत. साडेचार किलोंच्या बाळाला न्यू बॉर्नही चालतं आणि स्मॉलही. दहा किलोंच्या बाळाला मीडियम आणि लार्ज दोन्ही लागू. नेमक्या १२ किलोंवर मीडियम संपतं, लार्ज मध्यावर असतं आणि एक्स्ट्रा लार्ज सुरू होतं. एकाच बाळावर तीन पाकिटं हक्क सांगतात.

वयाचा आधार घ्यायला जावं, तर तो याहून डळमळीत. वर्षाच्या निरोगी मुलग्यांचं वजन ७.७ किलोंपासून १२ किलोंपर्यंत कुठेही असू शकतं, आणि हा सारा पट्टा वाढीच्या प्रमाणांत सर्वसामान्यच धरला जातो. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेली दोन धडधाकट मुलं पहिल्या वाढदिवसाला शेजारी बसली, तर एकाला अजून स्मॉल येत असेल आणि दुसऱ्याला एक्स्ट्रा लार्ज. मध्ये आणखी दोन मापं. ‘आमच्याला आठव्या महिन्यात लार्ज लागलं होतं’ हे शेजारणीचं वाक्य तिच्या बाळापुरतं खरं आहे, तुमच्या बाळाबद्दल ते काहीही सांगत नाही.

आपल्याकडे सुरुवातही अनेकदा तक्त्यापेक्षा हलकी होते. अडीच किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाला कमी वजनाचं मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशा बाळांचं प्रमाण सुमारे १८ टक्के आहे, म्हणजे दर पाच-सहा बाळांमागे एक. अशा बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की न्यू बॉर्नच्या इलॅस्टिकमधूनही फट राहते. तीन किलोंच्या आतल्या बाळांसाठी वेगळं छोटं माप मिळतं, तेच घ्यावं. नाहीतर बाळ थोडं भरेपर्यंत मऊ सुती लंगोट उत्तम. आजी सांगते म्हणून नाही, त्या मांडीला तोच बसतो म्हणून. नाळ गळून पडेपर्यंत डायपरची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडायलाही विसरू नये.

वजन पाहायला वेगळी खटपट लागत नाही. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाच्या लशी ६, १०, १४ आठवड्यांना आणि मग नवव्या महिन्यात असतात, पुढे सोळाव्या महिन्यापासून पुन्हा. त्या प्रत्येक वेळी काटा समोर असतो आणि वजन माता-बाल संरक्षण कार्डावर मांडलं जातं. या तारखा मापांच्या वळणांशी विलक्षण जुळतात. सहाव्या आठवड्याला आपला मधल्या वजनाचा मुलगा ४.९ किलोंवर, म्हणजे न्यू बॉर्नच्या शेवटाला आलेला असतो. चौदाव्या आठवड्याला तो साडेसहाच्या पुढे गेलेला असतो, मीडियम दाराशी आलेलं असतं. नवव्या महिन्यात ८.९ किलो, म्हणजे लार्जचा उंबरठा. कार्डावरचा आकडा वाचायचा आणि परतीच्या वाटेवर पाकीट घ्यायचं.

दाण्यांची ताकद

माप चुकलं की गळती होते आणि आईवडील म्हणतात, ‘डायपर शोषतच नाही.’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. ते कळण्यासाठी एक कोरा डायपर बळी द्यावा. बाळ दुसऱ्या खोलीत असताना तो कात्रीने मधोमध कापा आणि आतला कापसासारखा थर वर्तमानपत्रावर हलकेच झटका. बारीक पांढरे दाणे खाली पडतील. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. चमचाभर दाणे काचेच्या पेल्यात घेऊन वर पाणी ओता. मिनिटाभरात पाणी दिसेनासं होतं, दाणे फुगून थलथलीत गोळा तयार होतो आणि पेला उपडा केला तरी थेंब पडत नाही. शुद्ध पाण्यात हा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरतो.

आता त्याच पेल्यात चमचाभर मीठ घालून ढवळा. गोळा बघता बघता पाझरायला लागतो. दाण्याच्या आत सोडियम दाटलेलं असतं, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरच्या पाण्यातही क्षार आले की ती ओढ कमी होते. बाळाची शू खारट असते, त्यामुळे शेकडो पटींचा आकडा खाली येऊन साधारण तीसपटींवर थांबतो.

तरी तीसपट थोडं नाही. एका डायपरमध्ये १२ ग्रॅम दाणे धरले तर ते ३६० मिलिलिटर धरून ठेवू शकतात. बाळाची शू दर किलो वजनामागे तासाला साधारण १ ते २ मिलिलिटर असते. मधला दीड घेतला, तर दहा किलोंच्या बाळाची चोवीस तासांची शू होते ३६० मिलिलिटर. कागदावर पाहिलं, तर एका डायपरमध्ये अख्खा दिवस मावतो. रात्रीच्या दहा तासांचा हिशेब १५० मिलिलिटरचा, फार तर २०० चा, म्हणजे एक फुलपात्र.

ही क्षमता आहे, तेवढा वेळ डायपर ठेवायची परवानगी नाही. ओल आणि उष्णता कोंडली की त्वचा सोलवटते आणि शी झाली असेल तर ती फार लवकर सोलवटते. शी झाली की लगेच, एरवी दिवसा दर तीन-चार तासांनी डायपर बदलायलाच हवा. पण या हिशेबातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. दोन तासांत डायपर गळला, तर त्यातल्या दाण्यांचा बराचसा भाग कोराच असतो. शू त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी मांडीच्या किंवा कमरेच्या फटीतून बाहेर गेलेली असते. दोष दाण्यांचा नसतो, मापाचा असतो.

या दाण्यांची आणि डायपरची गोष्ट अमेरिकेतल्या एकाच गावात दोनदा येते. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या शहरात १९६१ साली पॅम्पर्सची चाचणी-विक्री झाली. तेव्हा आत फक्त कागदी लगद्याचे थर होते. त्याच पिओरियातल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत पुढे मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी शोषणारा पदार्थ तयार झाला आणि त्याला ‘सुपर स्लर्पर’ हे नाव मिळालं. शेतातली ओल धरण्यासाठीही त्याचा विचार झाला होता. १९८० च्या दशकात अशाच जातीचे दाणे डायपरमध्ये आले, डायपर पातळ झाला आणि मापाला खरं महत्त्व आलं. जाड गादी जागा आपोआप भरून काढत असे. पातळ डायपरला मात्र अंगाला बरोबर चिकटून बसावं लागतं.

बोटांनी मोजायचं माप

म्हणून शेवटचा निवाडा बाळाच्या अंगावर करायचा. डायपर बांधला की कमरेशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, मांडीशी एक. टेपवाला डायपर असेल तर दोन्ही टेप पुढच्या पट्टीवर मध्याच्या दोन बाजूंना समान बसाव्यात. त्या एकमेकींवर चढत असतील तर माप मोठं आहे. पट्टीच्या कडांशी कशाबशा टेकत असतील तर लहान. पँटसारखा चढवायचा डायपर मांडीवरून ओढावा लागत असेल, तर पुढचं माप आणायची वेळ झाली.

मांडीभोवती बाहेर एक झालर असते आणि आत दुसरी, उभी राहणारी. डायपर लावल्यावर बोट फिरवून ती झालर बाहेर काढायची, आत दुमडलेली राहू द्यायची नाही. गळतीच्या किती तक्रारी या एका हालचालीने मिटतात! मुलगा असेल तर शूची जागा खालच्या दिशेला ठेवायची, नाहीतर पोटावरून शू वर येते आणि झबलं भिजतं.

डायपर काढल्यावर त्वचा पाहायची. इलॅस्टिकची हलकी गुलाबी रेघ थोड्या वेळात निघून जाते, तिची चिंता नको. खोल, लाल, तासाभराने तशीच दिसणारी रेघ म्हणजे माप लहान. गळती कुठून होते तेही बोलकं असतं. मांडीशी फट दिसून शू गळत असेल तर डायपर बहुधा मोठा. पाठीवरून शी वर येत असेल तर बहुधा लहान. फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची शी पातळ असते, तिला थोपवायला मागे पुरेशी उंची लागते.

मांडी हे माप किलोपेक्षा खरं आहे. दहा किलोंची दोन मुलं घ्या. एक गुबगुबीत, मांडीला तीन वळ्या पडलेलं. दुसरं उंच, शेलाटं, रांगून-चालून पाय सुटे झालेलं. पहिल्याला लार्ज हवं, दुसऱ्याला मीडियम. काटा दोघांनाही दहाच दाखवतो. रांगायला लागल्यावर बाळ घरभर फिरतं, वजनाची गती मंदावते आणि मांड्यांचा गुबगुबीतपणा उतरतो. म्हणून नवव्या-दहाव्या महिन्यात, पाकिटाने परवानगी दिली तरी, घाईने वरच्या मापावर जायचं कारण नसतं.

मोजायचे सहा

एक आकडा मात्र पहिल्या आठवड्यात कुणीही विसरू नये. पहिल्या दिवशी एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला किमान सहा. बाळाला दूध पुरतं आहे, याची ही घरच्या घरी मिळणारी सर्वांत सोपी खूण. सुती लंगोट ओला झाला की लगेच कळतं. चांगला डायपर मात्र ओल इतकी लपवतो की ही मोजणी सुटते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस दिवसा लंगोट वापरणं शहाणपणाचं. डायपरच वापरत असाल तर बदलताना हातात तोलून पाहावा, किंवा पुढची पिवळी रेघ निळी झाली का ते पाहावं. सहा भरत नसतील तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

दोन किलोमीटर

आता साऱ्याची बेरीज करू. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत दिवसरात्र डायपर वापरले, तर आपल्या मधल्या वजनाच्या मुलाला न्यू बॉर्न सुमारे ३८० लागतात, स्मॉल ७३५, मीडियम १,६५० आणि लार्ज सुमारे २,०००. सगळे मिळून पावणेपाच हजारांच्या वर. सोयीसाठी पाच हजार म्हणू. एकेक ४० सेंटिमीटरचा धरून टोकाला टोक जोडलं, तर एका बाळामागे दोन किलोमीटर. नगाला दहा ते पंधरा रुपये धरले, तर पन्नास ते पंचाहत्तर हजार रुपये. वापरलेल्या डायपरचं वजन सरासरी १५० ग्रॅम धरलं, तरी ७५० किलो कचरा, आणि तो करणारं बाळ तेरा किलोंचं.

भारतात दरवर्षी साधारण २.३ कोटी बाळं जन्मतात, मिनिटाला सुमारे ४४. यातली पुष्कळ बाळं लंगोटात आणि दुपट्यात वाढतात किंवा फक्त रात्री डायपर घालतात. पण सगळ्यांनीच पूर्ण वेळ वापरले असं क्षणभर समजू. एका वर्षाच्या बाळांचे डायपर होतील ११,५०० कोटी. टोकाला टोक जोडले तर ४.६ कोटी किलोमीटर. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही तो सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो. एका वर्षात जन्मलेल्या बाळांची रांग त्याच्याही पलीकडे जाईल.

ही रांग खरोखर जिथे जाते, तिथे माणसं उभी आहेत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. त्यात बहुसंख्य बाया आहेत आणि डायपर त्यांच्या हातांतून जातात. त्यासाठीच तिथे लाल ठिपक्याची मोहीम झाली: वापरलेला डायपर किंवा पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हात लावणाऱ्याला आत काय आहे ते आधीच कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा गुंडाळूनच देण्याची जबाबदारी घराघरावर टाकलेली होती. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि ते न करण्याला कुठलीही सबब पुरेशी नाही.

योग्य मापाचं मोल इथेच पुरतं कळतं. चुकीच्या मापामुळे दिवसाला एक डायपर जरी अर्धा कोरा असताना गळून फेकावा लागला, तर अडीच वर्षांत नऊशेहून अधिक डायपर वाया जातात. बाळाला लागणाऱ्या एकूण संख्येचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यासोबत भिजलेल्या चादरी, मोडलेली झोप आणि सोललेली त्वचा वेगळीच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत एका वेळी एकच लहान पाकीट आणावं, कारण तेव्हा बाळ रोज एक टक्क्याने वाढत असतं. सहाव्या महिन्यानंतर, माप बसलं आहे अशी बोटांनी खात्री झाली, की मोठं पाकीट घ्यायला हरकत नाही. मापाच्या वरच्या टोकाला पोचलं की पुढच्या मापाचं एक छोटं पाकीट कपाटात असू द्यावं. आणि दर लशीच्या दिवशी कार्डावरचं वजन आणि मांडीची वळी, दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींची साक्ष वेगळी निघाली, तर मांडीचं ऐकावं.